सड्यावरचं तूस

मासा हातात आला की आमची शेजारीण चाची आधी त्याचा कल्ला उघडून बघायची. मासा मिरकरवाड्याच्या बंदरावरून तिच्या सख्ख्या भाच्याने आणलेला असला तरीही. आत लालबुंद दिसलं तरी समाधान नाही. मग तो नाकाशी न्यायची आणि भाच्याला म्हणायची, "ताजा हाय म्हणतोस. बघू."

चाचीचं "बघू" म्हणजे विश्वास नाही, असं समजायचं. अशी एक बाई तुमच्याही आळीत असेल. मी वेळ सांगितली तरी चाची घरात जाऊन आपल्या घड्याळात बघून यायची.

सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळमाळाच्या पायथ्याला आमची दोन घरं, मध्ये जांभ्या दगडांचा बुटका गडगा, आणि गडग्याच्या दोन बाजूंना दोन विहिरी. चाचीची विहीर तिच्या नवऱ्याने खोदून घेतलेली. तो जहाजावर असायचा, सुट्टीला आला की भर उन्हात काठावर उभा राहून काम करून घ्यायचा. तो गेला, विहीर राहिली. मे महिन्यात सगळी वाडी तिथे पाणी भरायची, आणि चाची प्रत्येकाची घागर हुंगून मगच रहाटाला हात लावू द्यायची.

त्यात सड्यावरून नवा रस्ता जायचं ठरू लागलं. त्यासाठी कातळ खोल कापावा लागणार होता. मला रस्ता हवा होता. लेक मुंबईला, रस्ता झाला की ती दर शनिवारी येईल, असा माझा हिशेब. रस्ता वाईट म्हणून येता येत नाही, हे तिनेच मला पढवलेलं, आणि बाप म्हणून मी ते लगेच मान्य केलेलं.

रस्त्याने पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायला एका संस्थेची माणसं मे महिन्यात येऊन गेली. टोप्या घालून सडाभर फिरली, फोटो काढले, आमच्याकडे कोकम सरबत प्यायली. नंतर ग्रामपंचायतीत अहवालाचा सारांश लागला. खालच्या विहिरींना धोका नाही, असं त्यात होतं. मी ही आनंदाची बातमी गडग्यावरून चाचीला दिली.

"वर कापणार, आणि खाली काय होणार नाय?"

"शिकलेली माणसं आहेत, चाची."

"मे महिन्यात आली ना? सड्यावर पाणी असतं तेव्हा एक तरी आला काय? बघू."

श्रावणातल्या एका सकाळी चाची डोक्यावर पोतं घेऊन सडा चढताना दिसली. गुडघेदुखीची बाई, वर पाऊस, आणि पोतं. मला संशय आला.

"काय नेताय, चाची?"

"तुला काय करायचाय?"

मग एकदा बायकोने परसातून हाक मारली, "अहो, आपल्या विहिरीत कुणी कचरा टाकलाय बघा!" बादलीत भाताचं तूस तरंगत होतं. मला ते पोतं आठवलं. आमच्या फणसाची पानं चाचीच्या अंगणात पडतात यावरून आमचं जुनं भांडण. म्हटलं, हा त्याचाच सूड. बादली उचलली आणि तावातावाने गडग्यापाशी गेलो.

"हे काय, चाची?"

तिने बादलीत बोटं घातली, तूस उचललं, हुंगलं, आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्यात आला?"

"म्हणजे?"

"मी रोज माझ्या विहिरीत वाकून वाकून बघते, नि आला तुझ्यात!"

जिथे कापायचं होतं तिथेच कातळात एक बीळ आहे. पावसाचं पाणी गुरगुरत त्यात शिरतं. ते आपल्याच विहिरीत येतं अशी चाचीची खात्री होती, म्हणून तिने त्या बिळात पोतंभर तूस सोडलं होतं.

"म्हणजे तुमची विहीर सुटली," मी म्हटलं. बादली मी खाली ठेवली.

"सुटली? तुझी आटली की तू घागर घेऊन माझ्याकडेच येशील. तुझी बायको पाणी कसा वापरते ता ठाऊक हाय मला."

रस्त्याच्या जनसुनावणीला चाची लोणच्याची बरणी घेऊन आली. आत आमच्या विहिरीचं पाणी आणि तूस. साहेब मंडळी गालात हसली. संस्थेच्या एक तरुण बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि विचारलं, "चाची, हे तुम्ही थेट विहिरीत टाकलं नाही कशावरून?"

आता चाची काय करते, म्हणून मी खुर्ची जरा मागे सरकवली. चाची माझ्या कानाशी वाकली.

"ही पोर बरी हाय. कल्ला उघडून बघते."

बाई भर पावसात परत आल्या. दोन्ही विहिरींवर जाळी घालून कुलपं लावायची ठरली. चाचीने आपली कुलपं पुढे केली. बाईंनी ती नाकारून स्वतःची लावली. चाची इतकी खूश झाली की तिने त्यांना जेवायला थांबवलं. मग बाईंनी सड्यावरच्या बिळात हिरवा रंग ओतला. चाचीची विहीर नितळ राहिली. आमची पोपटी झाली.

रंग ओसरेपर्यंत आम्ही चाचीकडून पाणी आणलं.

"घागर धुतलीस काय?"

"धुतली, चाची."

"बघू."

नव्या अहवालात आमच्या विहिरीला धोका आहे, असं आलं. रस्ता सड्याला वळसा घालून नेणार, असं साहेब म्हणाले. मी धावत जाऊन चाचीला सांगितलं.

"लिहून दिला काय?"

"तोंडी म्हणाले."

"बघू," चाची म्हणाली.

ते बघायला ती राहिली नाही. थंडीत गेली. मुलगा आखातातून आला, घराला कुलूप लावून परत गेला. विहिरीचा रहाट वाडीसाठी तसाच ठेवलाय. घागरी आता कुणी हुंगत नाही. लेखी कागदही अजून आलेला नाही.

या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या बादलीत एक तूस वर आलं. भिजून काळं पडलेलं. वर्षभर कातळाच्या पोटात कुठे अडकलं होतं कोण जाणे. मी ते बोटावर घेतलं आणि नाकाशी नेलं.

"अहो, चहाला पाणी घेऊ ना?" बायकोने आतून विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "बघू."