जावयाला कोणी ओरडत नाही

एकोणीस वर्षं मी ओमानमधल्या सोहारमध्ये एकाच टीमकडून खेळतोय, आणि ती टीम माझ्या गावाची नाही, सासरची आहे. आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान गावांच्या इथे आपापल्या टीम आहेत. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी सकाळी टेनिस बॉलच्या मॅच होतात. नियम एकच, पण कडक. गावचा मुलगा नाहीतर गावचा जावई. बाहेरचा माणूस खेळवला की टीम बाद.

माझ्या स्वतःच्या गावाने मला कधी मैदानाबाहेर गेलेला बॉल आणायलासुद्धा बोलावलं नव्हतं. लग्न झालं, बायकोच्या भावाने, म्हणजे माझ्या साल्याने, व्हिसा काढून मला इथल्या कारखान्यात चिकटवलं आणि दुसऱ्याच शुक्रवारी स्टंपांमागे उभं केलं. तेव्हापासून मी तिथेच आहे. वाईट एवढंच, की जावयाला कोणी ओरडत नाही. दुसऱ्या कोणाचा कॅच सुटला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. माझा सुटला की सगळे गप्प. साला आमचा कॅप्टन. तो फक्त म्हणणार, "हरकत नाही, दुलाभाई." त्या 'हरकत नाही'ने माझं डोकं असं फिरतं म्हणून सांगू!

चार वर्षांपूर्वी बायको गेली. आजारपणात माहेरी होती, तिथेच गेली, तिथल्याच कबरस्तानात आहे. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. मूलबाळ नाही. परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी साल्याने नेहमीसारखा खालून हॉर्न वाजवला आणि मी उतरलो. जाऊन खेळलो.

या वर्षी मात्र माझी पाचावर धारण बसली होती. बहीण गावाहून सारखी मागे लागली होती, "एकटा किती दिवस डबे खाणार आहेस?" शेवटी तिने एक स्थळ आणलं. तिसऱ्याच गावची, विधवा, समंजस बाई. दोनदा फोनवर बोललो. ती हसली तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी हो म्हणून टाकलं. आणि फोन ठेवल्या ठेवल्या पहिला विचार काय यावा? आता शुक्रवारचं काय! पन्नाशीला आलेल्या माणसाला हे शोभतं का? पण निकाह झाला की मी त्या तिसऱ्या गावचा जावई, इथला माझा हक्क संपला. टीम सुटली तर त्या घराशी माझं नातं तरी काय उरणार? आणि साल्याला सांगू कुठल्या तोंडाने? दहा दिवस घास गोड लागला नाही. त्याचा फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवायचो.

त्यात पहिलीच मॅच पडली माझ्या जन्मगावाशी. नावं द्यायच्या टेबलापाशी त्यांचा कॅप्टन आडवा आला. "ह्याची बायको वारलीय. मग जावई कसला? काढा ह्याला." आम्ही मोजून अकरा जण होतो. कमिटीच्या चाचांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. खरं काय ते मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

साला पुढे झाला. एरवी तो भांडायला कारणच शोधत असतो, वाटलं आता कॉलर धरतोय. पण आवाज अगदी खाली होता.

"आमची बहीण आमच्या मातीत आहे, चाचा. ती तिथे आहे तोवर हे आमचे जावई."

चाचांनी चष्मा लावला आणि माझं नाव लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासाठी हा माणूस चारचौघांत बहिणीचं नाव काढतोय, आणि मी दुसरी बायको ठरवून बसलोय!

आमची फिल्डिंग आली. साला नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी स्लिपमध्ये उभा राहिला. तीन ओव्हर मी कसातरी दम धरला. मग म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"मी निकाहला हो म्हटलंय."

"माहीत आहे," तो बॉलरकडे बघतच म्हणाला.

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून. स्थळ बघायला जायच्या आधी तुमची बहीण आमच्या आईला विचारायला आली होती."

"काय म्हणाल्या?"

"रडली थोडी. मग म्हणाली, लग्न करू दे त्याला. पण शुक्रवारी त्याला दुसऱ्या कोणाला देऊ नका."

पुढचा बॉल बॅटची कड घेऊन सरळ माझ्या हातात आला आणि हातातून खाली पडला. मला समोरचं काही दिसतच नव्हतं. मी बाहीने डोळे पुसले आणि सवयीने त्या 'हरकत नाही'ची वाट बघत उभा राहिलो.

"अरे मेल्या, हात आहेत का फावडी?" साला बेंबीच्या देठापासून ओरडला, आणि मग बाकीचे नऊ जणही सुरू झाले.