रिकाम्या हातांचा फोटो

तुमच्या हातात आजवर जितकी पत्रकं पडली, त्यांतल्या एकाची तरी घडी कुणी घातली असेल, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

मला पडला नव्हता. आणि मी तर पत्रकांवरच वाढले. इचलकरंजीत आमच्या दोन खोल्या, त्यांतल्या एकीत माणसं राहायची आणि दुसरीत कागद. शाळेत जायच्या आधी मला वाचता आलेला पहिला जोडाक्षराचा शब्द म्हणजे 'मागण्या'. बाबा यंत्रमाग कामगारांचे कार्यकर्ते. पत्रक ते लिहायचे, छापखान्यात उभं राहून छापून घ्यायचे आणि पाळी सुटताना कारखान्यांच्या दारात वाटायचे. मधली पायरी आईची. दिवसभर ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून झाला की ती भिंतीला टेकून बसायची, गठ्ठा मांडीशी ओढायची आणि एकेका कागदाची तिहेरी घडी घालायची. प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख ओढायची. ते नख आता सपाट झालंय, मधोमध खाच पडलीय. 'साप्ताहिक सुट्टी मिळालीच पाहिजे' या पत्रकाच्या घड्या तिनं रविवारी घातल्या. मी शेजारी बसून पन्नास-पन्नासाचे गठ्ठे करत होते. त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं.

आईला एक फोटो हवा होता. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, नवऱ्याबरोबर न्यूयॉर्क बघून आली, तेव्हापासून. मावशीनं पाठवलेल्या फोटोत दोघं एका उंच इमारतीसमोर उभे होते, आणि चारही हात रिकामे. मावशीकडे पर्ससुद्धा नव्हती. आईनं तो फोटो बघितला आणि आमचा अल्बम काढला. एकूणएक फोटोत बाबांच्या काखेत पत्रकांचा गठ्ठा. माझ्या बारशाच्या फोटोत गठ्ठा. लग्नाच्या फोटोत तर हाराखालून गठ्ठ्याचा कोपरा डोकावतोय.

तिथं राहणाऱ्या मावसभावानं आईबाबांनाही न्यूयॉर्कला बोलावलं. बाबा म्हणाले, "अमेरिकेच्या व्हिसासाठी मी रांगेत उभा राहणार नाही. उभ्या हयातीत त्यांच्याविरुद्ध लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय. मी नाही," आई म्हणाली. पण एकटी गेली नाही.

मग मी सिंगापूरला नोकरीला लागले, क्लेमेंटीत खोली घेतली, आणि दोन वर्षांनी दोघांची तिकिटं काढली. आईनं फोनवर मला ऐकू येईल अशा बेतानं बाबांना विचारलं, "सिंगापूरविरुद्ध काही छापलंय का तुम्ही?"

बाबांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "नाही. राहून गेलं."

"मग चला. आणि आठ दिवस एकही कागद वाटायचा नाही. हात रिकामे ठेवायचे. शब्द द्या."

"दिला."

मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. इथं रस्त्यात उभं राहून पत्रकं वाटायची रीत नाही, आणि इथं राहायचा माझा पास माझ्या नोकरीला बांधलेला. पत्रकांवर वाढलेली मुलगी विमानतळावर बापाची बॅग हळूच चाचपत होती. बॅगेत दोन शर्ट, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या. शबनम पिशवी आईनं इचलकरंजीतच खुंटीला अडकवून ठेवली होती. तरीही बाबांचा डावा खांदा, पिशवी असल्यासारखा, एका बाजूला वाकलेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. सिग्नलला एक लॉरी थांबली. मागच्या उघड्या हौद्यात दहा-बारा कामगार बसले होते, हेल्मेटं मांडीवर. बाबांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. तिथं पट्टा नव्हता. हात कॉलरवर अडला, कॉलर नीट केली आणि खाली आला. कामगारांपैकी एकजण बाबांकडे बघून हसला. बाबांनी हात वर केला. सिग्नल सुटला.

"पाणी प्या," आई म्हणाली आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

मी चार दिवसांची रजा काढून यादी केली होती, आणि त्या यादीवर आम्ही अक्षरशः हजेरी लावत होतो. बॉटॅनिक गार्डन, ऑर्किडं, काचेचे घुमट, माणसानं केलेला धबधबा. आईचा गुडघा सुजला. माझ्या टाचेला फोड आला. उकाडा असा की अंगावरचा कपडा सकाळी नऊलाच अंगाला चिकटायचा, आणि मॉलमध्ये शिरलं की थंडीनं दात वाजायचे. बाबा प्रत्येक इमारतीपुढे उभे राहून एकच विचारायचे, "हे कुणी बांधलं?"

"थांबा, शोधते," मी फोन काढायचे.

"मालकाचं नाव नको सांगू. बांधलं कुणी?"

"गवंड्यांनी," आई म्हणायची. "आता बघा."

एक दिवस बाबांनी स्वतःसाठी मागितला. "साधी माणसं राहतात तिथं ने." म्हणून तोआ पायोहला गेलो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात, जेवलो. एक म्हातारी, आईपेक्षा नक्कीच थोरली, टेबलं पुसत फिरत होती. इथं जेवून झालं की आपला ट्रे आपणच रॅकवर ठेवायचा असतो. बाबांनी आमचा ठेवला. मग शेजारच्या टेबलावर कुणीतरी विसरून गेलेला ठेवला. मग पलीकडचा. ती म्हातारी "अंकल, नो नीड लाह" म्हणत हसत होती आणि बाबा चौथ्या टेबलाकडे निघाले होते.

"अहो," आईनं हाक मारली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "सुट्टीवर आलोय आपण."

बाबा ट्रे खाली ठेवून परत आले आणि खुर्चीत बसले. पाहुण्याच्या घरी दटावलेल्या मुलासारखे, दोन्ही हात मांडीवर. मला दोघांचाही राग आला. बाबांना आठ दिवस माणूस म्हणून गंमत करता येत नाही याचा, आणि आईनं ती गंमत अशी हुकमानं वसूल करावी याचा. खरं सांगायचं तर मी थकले होते. थकलेल्या माणसाला सगळ्यांचाच राग येतो.

सहाव्या दिवशी आम्ही मरीना बेला गेलो, आईच्या फोटोसाठी. सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला तो पांढरा पुतळा तोंडातून पाणी फेकत होता. आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्याला एक काय ते ठरवता आलं नाही होय?"

मागे पाणी, पाण्यापलीकडे तीन मनोरे आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलेलं जहाज. मावशीच्या न्यूयॉर्कला उत्तर म्हणून अगदी पुरेसं. फोटोच्या जागेसाठी माणसं थांबली होती, त्यामुळे घाई होती.

"हात कुठं ठेवू?" बाबांनी विचारलं.

"कुठंही ठेवा. रिकामे ठेवा म्हणजे झालं."

त्यांनी हात पाठीमागे नेले. "लपवताय कशाला, चोरासारखे?" पुढे घेऊन बांधले. "आता अध्यक्ष दिसताय." शेवटी त्यांनी ते दोन्ही बाजूंना सोडून दिले. सोडलेले ते हात फार मोठे दिसत होते. मी तीन फोटो काढले आणि आम्ही रॅफल्स प्लेसला जाऊन एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली.

बसायला जागा मिळाली. आईनं फोन मागितला. कापडाचा पोत बघतात तसा तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाबांचे हात बघितले. "झालं बाई एकदाचं," म्हणाली. मग फोटो सरकवला आणि स्वतःकडे आली.

"माझे बघ," म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला.

आईच्या हातांत गठ्ठा होता. विमानतळावरचे, बागेतले, स्टेशनवरचे फुकटचे नकाशे आणि माहितीपत्रकं ती पहिल्या दिवसापासून गोळा करत होती. मी ते रोज बघत होते. कुणी चुकीची घडी घालून परत ठेवलेले नकाशेही ती उचलायची आणि चालता चालता सरळ करायची. फोटोत एक नकाशा अर्धा दुमडलेला, अंगठा घडीवर. तिन्ही फोटोंत. तिसऱ्यात नख पुसट आलं होतं, कारण ते हलत होतं.

मी फोटो काढताना फक्त बाबांच्या हातांकडे बघत होते. अल्बममध्येही तेच केलं होतं. श्रम अदृश्य करणाऱ्यांवर मी इतकं लिहिलंय, भांडलेय, आणि माझ्या समोर पाच पावलांवर ते चाललं होतं तेव्हा मी "आई, थोडी डावीकडे" म्हणत होते.

"परत जाऊया का?" मी विचारलं.

"नको. पाय राहिले नाहीत." तिनं डोळे मिटले. गठ्ठा मांडीवर तसाच. बाबांनी तो हळूच ओढून आपल्या मांडीवर घेतला.

क्लेमेंटीला घरी येऊन मी कुकर लावला. दिवस अजून मावळला नव्हता. जेवायच्या टेबलाशी बसून बाबांनी एक नकाशा पूर्ण उघडला आणि तो पुन्हा मिटायला लागले. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसानं हजारो पत्रकं वाटली होती, आणि त्याला एक नकाशा मिटता येईना. शहराचा मधलाच भाग बाहेर राहिला.

"ही घालतात कशी?"

"सोडा, द्या इकडं," आई पुढे झाली.

"तू घडीभर बस."

आई हसली. त्या सहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं. "चाळीस वर्षं घडीभर बस म्हणताय आणि हातात घडीच देताय."

बाबांना ते लागलं. नकाशा खाली ठेवून ते म्हणाले, "पत्रकाच्या तळाला मुद्रकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं. तुझंही घालायला हवं होतं. घडी घालणार, अमुक अमुक."

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "बरोबर आहे. अजूनही घाला."

"काही नको," आई म्हणाली. "पोलीस आधी मुद्रकाकडं जायचे, मग ह्यांच्याकडं. घडी घालणारीकडं कुणी आलं नाही म्हणून तर घर चाललं. तुझी फी भरली गेली. नाव घाला म्हणे."



"पण मला विचारायला पाहिजे होतं," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मी नकोच म्हटलं असतं. पण विचारायला पाहिजे होतं."

बाबांनी मान खाली घातली आणि नकाशा पुन्हा हातात घेतला. आई खुर्चीतूनच सांगू लागली. "अशी नाही. कडेला कडा लावा आधी. हां. मग नख. जोरात, कागदाला कळू दे." एक झाला. दुसरा झाला. आईनं हात टेबलावर ठेवले, मग मांडीवर, मग एकमेकांत गुंफले, मग सोडले. तिलाही ते कुठं ठेवायचे कळत नव्हतं.

"काढ आता," ती मला म्हणाली.

त्या फोटोत मनोरे नाहीत. मागे घरमालकिणीचं चिनी कॅलेंडर आणि माझा राइस कुकर आहे. आई खुर्चीत बसलीय, तळवे वर, दोन्ही हात रिकामे. शेजारी बाबा नकाशावर वाकलेत आणि त्यांची जीभ दातांत आहे. सातव्या दिवशी आईनं कुठंही यायला नकार दिला आणि दिवसभर झोपली. दार ओढून घेऊन बाबा बाहेर बसले. आठव्या दिवशी ते परत गेले.

आईनं मावशीला मरीना बेचा फोटो पाठवला नाही, हाच पाठवला. मावशीनं लिहिलं, "छान आलीस गं. पण भाऊजी काय करतायत?"

आईनं उत्तर दिलं, "काम."

हे मी छापायला देतेय असं सांगितल्यावर आईनं मला बजावलं, नाव घालायचं नाही. म्हणून इथं नाही. पण या वेळी मी विचारलं होतं.

आता तुम्हाला सांगते, विशेषतः तुम्हा सगळ्यांना, जे अजून पत्रकं काढता, सभा घेता, सतरंज्या अंथरून माणसं जमवता. पुढचं पत्रक छापायला देण्याआधी घडी घालणारीला विचारा, तळाशी तुझं नाव घालू का? ती नाही म्हणू शकते, तिची कारणं तुमच्यापेक्षा शहाणी असू शकतात. तरी विचारा. आणि ती विचार करत असेल तोवर तिच्या मांडीवरचा गठ्ठा तुम्ही घ्या. कडेला कडा लावा. मग नख.