बाहेर तोंड केलेल्या चपला

ह्यांच्या पोटात का दुखतं, ते कोणत्याच तपासणीत सापडेना. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर चपला काढायच्या. तिथल्या बाकावर एक बुंदेलखंडी बाई दर खेपेला दिसे. डोक्यावर पदर, पायाशी पुरुषाच्या चपलांचा एक जोड. मधूनच वाकून ती पदराने त्यावरची धूळ पुसायची.

एकदा हे आत गेल्यावर तिने ह्यांच्या चपला उचलल्या आणि बाहेर तोंड करून ठेवल्या.

"जिज्जी, चप्पलन को मुँह बाहर राखो. नईं तो आदमी लौटबो भूल जात."

माणूस परतायचं विसरतो म्हणे! मला हसू आलं. मी विचारलं, "आपके कौन हैं अंदर?"

"हमाए बे," ती शांतपणे म्हणाली. म्हणजे तिचे 'हे'. "बे तो भूल गए."

आज ऑपरेशन करायचं की नाही, ते ठरणार होतं. पिशवीत फाइल, थर्मास, टॉवेल, सगळं मी दोनदा तपासून घेतलं होतं. बाकावर ती नव्हती. तो जोड मात्र तिथेच होता, बाहेर तोंड केलेला, आणि त्यावर धुळीचा कण नव्हता.

हे आत गेले. दार लागलं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि ह्यांच्या चपला बाहेर तोंड करून ठेवल्या. त्या जोडापासून जरा लांब.