ओट्याला लागलेली गाडी

मी ज्या माणसाचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, ती माझी ताई. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. सावनेरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती जमिनीवर बसून हातमशीन चालवायची, आणि त्या मशीनवर माझं बी.एस्सी. झालं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आज नागपुरात पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करतो, नंदनवनात माझं घर आहे. या सगळ्याची सुरुवात तिच्या उजव्या हातापासून होते.

हे लिहितो आहे ते मात्र गाड्यांबद्दल. माझ्या दोन्ही गाड्या जपानी घडणीच्या आणि दोन्हींची दारं लोकांना विचित्र वाटणारी. ऑफिसात मला हसतात. एवढा साधा माणूस, आणि गाड्यांचा असला शौक! मला गाडीतलं फारसं कळत नाही. मी फक्त दारं बघत आलो.

कारण घडलं माझ्या पदवीदानाच्या दिवशी. ताईला समारंभाला न्यायचं म्हणून मी एक जीप ठरवली होती. जीपची पायरी उंच. मी तिच्या खाकांत हात घातले, शेजारच्या काकांनी पाय धरले, आणखी एक जण मदतीला धावला. बसस्टँडजवळचा भर चौक, सकाळची वेळ, पन्नास माणसं बघत होती. तिचं लुगडं गुडघ्यांच्या वर सरकलं आणि तिचे ते काडीसारखे पाय सगळ्यांना दिसले. ताई ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मले खाली ठेव."

मी म्हटलं, "झालंच ताई, एक मिनिट."

"बाबू, मले खाली ठेव म्हणते न."

आम्ही तिला खाली ठेवलं. तिनं लुगडं सारखं केलं आणि सरकत सरकत घराकडे निघाली. मी एकटाच नागपूरला गेलो, काळा झगा घातला, कागद घेतला आणि परत आलो. त्या दिवसानंतर ती कुठल्याच वाहनात बसली नाही. गावात फिरायला तिची हातानं चालवायची तीनचाकी होती, तेवढ्यात तिचं जग. माझं लग्न म्हणूनच सावनेरला झालं. मी नंदनवनात घर बांधलं, त्याची वास्तुशांत झाली, माझी मुलगी चालायला लागली, यातलं ताईनं फक्त फोनवर ऐकलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "जाईन न. स्वतः चढता आलं की जाईन. मले उचलाले कोणी येऊ नका."

म्हणून पहिली गाडी घेतली ती जुनी, डब्यासारखी व्हॅन. मूळ जपानी बनावटीची, दोन्ही बाजूंना सरकणारी दारं. नागपुरात शाळेची मुलं ज्यात कोंबलेली असतात, तीच. मला वाटलं, दार बाजूला सरकतं म्हणजे ताईला जागा मिळेल. मोठ्या उमेदीनं सावनेरला नेली. ताईनं ओट्यावरूनच तिच्याकडे पाहिलं.

"काहून रे बाबू, ही तर मुडदे न्यायची गाडी होय."

"नाही वं ताई, रंग पांढरा आहे म्हणून तसं वाटते."

शेजारचे काका, जीपच्या वेळी पाय धरणारे तेच, मान हलवत म्हणाले, "मुडदे नाही नेत. पिक्चरमधी पोरं पळवतात, ते ह्याच गाडीत."

"मग तर बहुतच चांगलं," ताई म्हणाली. "मले कोणी पळवून नेलं त दोन दिवसांत वापस आणून देईल. म्हणल, ही लय बोलते."

सगळे हसले. पण तिनं प्रयत्न केला. दार सरकवलं, हात आत टेकले आणि पूर्ण जोर लावून स्वतःला वर ओढलं. गाडीची जमीन ओट्यापेक्षा वीतभर उंच होती. दोनदा ती अर्ध्यात येऊन घसरली. तिसऱ्यांदा तिनं हात काढून घेतले आणि तळवे पुसत म्हणाली, "चांगली आहे गाडी. तुमी लोक फिरा."

त्या दिवशी मी तिच्याच टेपनं ओटा मोजला. तिचा शिवणाचा टेप, सुरुवातीचे आकडे पुसट झालेले. बारा इंच आणि वर दोन बोटं. ओट्यापासून समोरच्या भिंतीपर्यंतची गल्लीही मोजली. गाडी आत घेतली की दोन्ही बाजूंना माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा उरते. साधं दार तिथं ओट्याला अडून अर्धंही उघडत नाही. हे दोन आकडे मी खिशातल्या डायरीत लिहून ठेवले आणि जिथं गाडी दिसेल तिथं वाकून तिची जमीन किती उंच आहे ते पाहू लागलो. एकदा सीताबर्डीत एका बाईनं माझ्याकडे चोर समजून पाहिलं होतं.

ती दुसरी गाडी मला सक्करदऱ्याला दिसली, तलावाजवळ. एका गृहस्थांनी ती भिंतीपासून जेमतेम दोन हातांवर उभी केली आणि बटण दाबलं. डावीकडचं आख्खं दार, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, थोडं बाहेर येऊन हळूहळू मागे सरकलं. मधला खांब नाही. उजवीकडे ड्रायव्हरचं एक साधं दार, डावीकडे हे एवढं मोठं कवाड, एवढीच दारं त्या गाडीला. आतून एक म्हातारी बाई वॉकर पुढे टाकत, कोणाचाही हात न धरता, जमिनीवर उतरली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून बघत होतो. मागून स्कूटरवाला खेकसला, "ओ भाऊ, मरता का?"

ते गृहस्थ बरीच वर्षं जपानात नोकरीला होते. परत येताना आईसाठी ही गाडी सोबत आणली होती. तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी अशा गाड्या असतात, म्हणाले. गाडीची जमीन किती उंच, हे मी विचारलं तेव्हा त्यांना हसू आलं. मी खिशातून टेप काढला तेव्हा ते हसायचे थांबले. बारा इंच. मी त्यांना ताईबद्दल सांगितलं आणि माझा नंबर देऊन ठेवला.

दीड वर्षानं त्यांचा फोन आला. आई गेल्या होत्या. ते म्हणाले, "दार उघडलं की ती सीट दिसते. तुमच्या ताईंना न्या." गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी कागद, किल्ल्या, सगळं नीट समजावून दिलं, आणि शेवटी एकदा बटण दाबून दार उघडलं आणि मिटलं. मी तोंड फिरवून उभा राहिलो.

गाडी सुरू केली की आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलते. काय बोलते ते मला आजतागायत माहीत नाही. हिचे सुटे भाग नागपुरात मिळत नाहीत, आणि गॅरेजवाले तिला लांबूनच हात जोडतात. तरी मी ती रविवारी सकाळी सावनेरला नेली, गल्लीत उलटी घातली आणि ओट्याला लावली. मध्ये चार बोटांची फट राहिली. बटण दाबलं. दार सरकलं आणि ओट्यासमोर गाडीची जमीन आली, जवळजवळ ओट्याच्याच पातळीत.

 ताईनं हात पुढे करून गाडीच्या जमिनीवर ठेवला, मग ओट्यावर, मग पुन्हा गाडीत.

पण नवीन गाडी दारात आली की आमच्याकडे आधी तिची पूजा होते. ताईनं ताट तयारच ठेवलं होतं. हळद कालवून ओले केलेले तांदूळ, कुंकू, नारळ. शेजारच्या चार-पाच बायकाही आल्या. दार उघडंच होतं. ताईनं गाडीला ओवाळलं, पाच बोटं उमटवली, आणि सगळ्यांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या. कोणी टपावर, कोणी सीटवर. "आतल्या बाईवर पण टाका वं, ती बोलून राहिली," कोणीतरी म्हणालं.

मग ताई निघाली. ओट्यावरून दोन हात गाडीत, कंबर उचलली, फट ओलांडली, आत. तिथून सीटच्या दांडीला धरून वर. कोणी हात लावला नाही. लुगड्याची घडी जागची हलली नाही. एवढ्या वर्षांनी माझी ताई गाडीत बसली होती.

मी बटण दाबलं. दार निम्म्यावर आलं, थांबलं, आवाज केला आणि परत उघडलं. आतली बाई काहीतरी बोलली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. हातानं ढकलून पाहिलं, जोर लावला. दार येईना. गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली.

"हे विदेशी सामान असंच राहते," काका म्हणाले. "बाबू, माझ्या पोराची गाडी उभी आहे चौकात. चाल गा, दोघं जण उचलून टाकू ताईले. पाच मिनिटांचं काम."

चौक तोच होता. बसस्टँडजवळचा.

आणि मी, ज्यानं इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांच्या जमिनी मोजल्या, घामानं भिजलो होतो, लोक बघत होते, घरी बायको स्वयंपाक करून वाट बघत होती. मी म्हणालो, "ताई, आजच्यापुरतं चालते का? काका म्हणतात तसं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पदवीच्या दिवशी खाली ठेवल्यावर तिनं असंच पाहिलं होतं.

"माझ्या मशीनची पेटी आण," ती म्हणाली.

"ताई..."

"पेटी आण रे. तुमी उचलाल तवा उचलाल. आधी मले पाहू द्या काय अडकलं ते."

मी पेटी आणून दिली. ती सीटवरून खाली गाडीच्या जमिनीवर उतरली, कडेला सरकली, आणि खालच्या पटरीत बोट घालून पाहिलं. बोटाला पिवळं लागलं.

"हे पाह्य. आपलेच तांदूळ."

ज्या खाचेतून दाराचं चाक धावतं, तिच्यात ओल्या अक्षता बसल्या होत्या. चाक दाण्यावर आलं की दार समजायचं कोणी माणूस मध्ये सापडला, आणि माघारी फिरायचं. ताईनं पेटीतला मशीन साफ करायचा छोटा ब्रश काढला, मोठी सुई काढली, आणि एकेक दाणा बाहेर काढू लागली. मध्येच म्हणाली, "शटलमधी एक धागा अडकला तरी मशीन टाका सोडते. म्हणून मशीन फेकून देतं का कोणी?"

अर्धा तास गेला. ज्यांनी अक्षता टाकल्या होत्या त्यातली एक पदरानं सीट झाडू लागली. काका ओट्यावर टेकले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "ताई, त्या कोपऱ्यात पण आहे एक." ताईनं तोही काढला. शेवटी तिनं खाच फडक्यानं पुसली, पुन्हा सीटवर चढून बसली आणि मला म्हणाली, "दाब आता."

दार आलं आणि नीट मिटलं. आतली बाई बोलली. ताई तिला म्हणाली, "हो वं बाई. बसली मी."

सावनेर सुटलं, कपाशीची शेतं सुरू झाली, ताई खिडकीतून बघत राहिली. नंदनवनात मी घराला उतार बांधून ठेवला होता. बायको भाकरतुकडा घेऊन फाटकात उभी होती. ताई आधी तिला म्हणाली, "तांदूळ नको टाकू वं, दारात जाते," आणि मग स्वतः उतरून, स्वतःच्या हातांवर, माझ्या घरात आली. माझी मुलगी तिच्या बरोबरीनं जमिनीवर सरकत आत गेली.

ताई चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत मला जे बोलायचं होतं ते तोंडातून निघालं नाही. तिला सावनेरला सोडून आल्यावर मी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. फोनवर ती मध्येच विषय बदलते, पत्रात तिला तसं करता येत नाही.

"तीर्थरूप ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तू शिवलेला फ्रॉक मुलगी शाळेत घालून जाते म्हणते, तो गणवेश नाही हे तिला पटत नाही.

ताई, त्या रविवारी मी तुला 'आजच्यापुरतं चालते का' असं विचारलं. पदवीच्या दिवशी 'एक मिनिट' म्हणालो होतो. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, या वेळी तेही कारण नाही. दोन्ही वेळा लोक बघत होते आणि मला तुझ्यापेक्षा त्यांची लाज जास्त वाटली. तू काही बोलली नाहीस. माझी चूक झाली. मला माफ कर.

तू येऊन गेल्यावर मी ते पदवीदानाचं सभागृह पाहून आलो. समोरून चौदा पायऱ्या आहेत. पण मागच्या बाजूनं सामान न्यायचा उतार आहे, आणि त्याच्या तोंडापर्यंत गाडी जाते. उताराशेजारचा कट्टा मी मोजला. तेरा इंच. आपल्या ओट्याहून थोडाच कमी. तिथल्या शिपायाला सांगून ठेवलं आहे, रविवारी तो सभागृह उघडून देईल. आत कोणी नसेल. मी कुठल्या खुर्चीत बसलो होतो आणि कुठून वर चढलो ते तुला दाखवीन. झगा काही माझ्याकडे नाही, पण तो कागद घेईन. तो तू अजून हातात धरलेला नाहीस.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता गाडी ओट्याला लावतो. मी दाराचं बटण दाबीन आणि बाजूला उभा राहीन. काकांनाही तसं सांगितलं आहे. पूजेचं ताट घरातच राहू दे. ब्रश मात्र सोबत घे.

तुझा,
बाबू"