गालात काय टोचलं होतं

इन्स्पेक्टर मॅडम रिटायर झाल्यात, जुन्या केसी लिहून काढतात. मला म्हणाल्या, ही तूच सांग, मी तशीच उतरवते. म्हणून सांगते.

जे. पी. नगरात एका पार्लरात मी झाडलोट करायचे. एक दिवस रोपांची नर्सरी चालवणाऱ्या एक अक्का आल्या. जन्म उन्हात गेलेला, गाल करपून सुरकुतलेले, आणि घरात लेकीचं लग्न. मालकीण डॉक्टर नव्हे, पण म्हणाली, "हायल्युरॉनिकची सुई मारते, कातडी पाणी प्यायल्यासारखी होईल."

अक्का हसल्या, "म्हणजे मलाच पाणी घाला की!"

मी अक्कांचं डोकं धरलं, मालकिणीनं टोचलं. गाल एका जागी पांढराफटक पडला, अक्का कळवळल्या. मालकीण म्हणाली, "उतरेल, बर्फ लाव."

उतरलं नाही. अक्कांना मुलानं दवाखान्यात नेलं, तिथून पोलिसांना फोन गेला. मालकीण पळाली, जाताना मला म्हणाली, "तोंड उघडलंस तर तूच आत जाशील, तुझी पोरगी अनाथाश्रमात." पोलिसांनी मलाच उचललं, कडेवर नऊ महिन्यांची पोर.

स्टेशनात मॅडम विचारतायत, "काय टोचलं?" मी आपली, "मला नाही माहीत, मला नाही माहीत." कॉन्स्टेबल बाई ओरडली तशी पोर किंचाळायला लागली. मॅडमनी त्या कॉन्स्टेबलला बाहेर पाठवलं, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आधी पाज तिला."

मग हळू म्हणाल्या, "अगं, त्या बाईचा गाल निळा पडायलाय, डोळाही जाऊ शकतो. ती सांगते तसं खरंच हायल्युरॉनिक असलं तर ते विरघळवायचं औषध आहे. दुसरं काही असलं तर डॉक्टरांना वेगळं बघावं लागंल. तिकडं वेळ चाललाय."

मला रडूच फुटलं. पिशवीतून त्या सुईचं खोकं काढून दिलं. मालकीण खोकी लांबच्या कचऱ्यात टाकायला लावायची, पण हे एवढं छान, टाकवेना. डाळ भरून पोरीला खुळखुळा करणार होते. वरचं इंग्लिश मला कुठलं वाचता येतंय! मॅडमनी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. हायल्युरॉनिकच निघालं, विरघळवायचं औषध दिलं. मग मॅडमनी माझा जबाब घेतला.

अक्का वाचल्या, डोळाही वाचला. गालावर चिंचोक्याएवढा डाग राहिला. मालकिणीवर केस चालली, तेव्हा कोर्टात माझा हात धरून म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून गं."

पण मी दोन तास गप्प बसले होते. भीती काय, बोलल्यावरही तेवढीच राहिली, मग आधीच बोलायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, लवकर कळतं तर कदाचित डागही राहिला नसता.

मॅडम हे लिहायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, लिहा.