दिवेबंदरातील क्षिप्रा

आमच्या समोरच्या दारावर एक पितळी पाटी आहे. तिच्यावर दोन नावे आहेत : गोपीनाथ शेट्ये आणि नीला शेट्ये. दर दसऱ्याला ती चिंचेने घासली जात असल्यामुळे अक्षरांच्या कडा झिजून मऊ झाल्या आहेत. डोंबिवलीत राहायला आल्यापासून मी नीलावहिनींना ओळखतो. तरीही त्यांचे जन्मनाव मला कळले ते अगदी अलीकडे, आणि तेही कुठल्याशा परदेशातील एका कंपनीने दुसरी कंपनी विकत घेतल्यामुळे. हा क्रम वाचकांना विचित्र वाटेल. म्हणून तो पहिल्यापासून नीट मांडतो.

नीलावहिनी या दुपारच्या बाई. सकाळी त्या सर्वांच्या असतात, संध्याकाळी देवाच्या आणि भाजीवाल्याच्या. जेवणे उरकली, गोपीनाथराव आरामखुर्चीत घोरू लागले, की उरणारा वेळ त्यांचा स्वतःचा. पूर्वी त्या वेळात त्या खिडकीशी बसून बदामाच्या झाडाकडे नुसत्या पाहत असत. टाळेबंदीच्या वर्षी त्यांची मुलगी शिवानी हिने नाशिकहून एक टॅब्लेट पाठवला, नातीचा चेहरा रोज दिसावा म्हणून. नातीचा चेहरा पाहून झाल्यावर उरलेल्या दुपारी वहिनींच्या बोटांना त्या काचेत एक समुद्र सापडला.

तो एक खेळ होता. त्याचे मूळ नाव परदेशी आणि उच्चारायला अवघड. आपल्याकडचे खेळाडू त्याला ‘दिवेबंदर’ म्हणतात. त्यात कोणाला मारायचे नसते, की कोणाच्या पुढे जायचे नसते. दाट धुके, संथ पाणी, आणि आपली एक लहानशी होडी. तिच्या टोकाला मंद दिवा. धुक्यात कोणीच कोणाला दिसत नाही. मात्र आपण एखाद्याचे नाव लिहून हाक दिली, की तो जिथे असेल तिथे त्याचा दिवा एकदम मोठा होतो आणि धुक्यातून पिवळा उजेड पसरतो. मग त्या उजेडाच्या दिशेने वल्हवत जायचे. एवढाच खेळ. वहिनींनी मला तो दाखवला तेव्हा, सांगायला संकोच वाटतो, मी चहा थंड होईपर्यंत पाहत राहिलो होतो.

खेळात शिरताना पहिल्या दिवशी पडद्याने विचारले होते : तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारावी? आणि वहिनींच्या बोटांनी ‘नीला’ न लिहिता ‘क्षिप्रा’ लिहिले.

वहिनींचे वडील रेल्वेत. त्यांची बदली उज्जैनला असताना मुलगी झाली, म्हणून तिला नदीचे नाव दिले. लग्न होऊन ती शेट्यांच्या घरी आली, तेव्हा राजापूरकडच्या सासूबाईंची जीभ त्या नावाला अडखळू लागली. त्यांचे म्हणणे कठोर नव्हते; नाव सुटसुटीत असावे, इतकेच. आत्याबाईंनी ‘नीला’ सुचवले. त्या काळच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले गेले, आणि नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने त्यात ते नाव हळूहळू लिहिले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. नंतर ते तांदूळ शिजवलेही गेले.

गंमत अशी, की ज्या नावासाठी एवढा समारंभ झाला ते नाव पुढे फारसे कोणी वापरलेच नाही. गोपीनाथरावांना ‘अगं’ पुरत असे. शिवानीला ‘आई’, इमारतीला ‘काकू’, मला ‘वहिनी’. ‘नीला’ ही बाई दारावरच्या पाटीवर आणि शिधापत्रिकेवर राहत होती. आणि ‘क्षिप्रा’ कुठेच राहत नव्हती, ती दुपारी दिवेबंदरात जाऊ लागेपर्यंत.

तिथे मात्र तिला खूप हाका येत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या खेळाडूंचा एक गट होता. ते एकमेकांशी लिहून बोलत. वहिनींचे वय, चेहरा, गुडघे, यांपैकी काहीच कोणाला ठाऊक नव्हते. ‘अगं क्षिप्रा, आहेस का?’ असे कोणी लिहिले, की आमच्या समोरच्या खिडकीत एक पिवळा उजेड उमटून त्यांच्या चष्म्यावर पडत असे.

गेल्या हिवाळ्यात बातमी आली. दिवेबंदर बनवणारा लहानसा स्टुडिओ त्याच्याच एका बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला होता. त्याचे सगळे खेळ बंदुका, रणगाडे आणि स्फोट यांचे. त्या दुपारी वहिनी टॅब्लेट घेऊन माझ्याकडे आल्या. गटात गहजब उडाला होता.

‘अरे यार, आपलं बंदर विकलं!’ कल्याणच्या राकेशने लिहिले होते. ‘मी एक स्टार देऊन आलोय. सगळ्यांनी द्या.’

‘पोरगी सोन्यासारखी, आणि दिली कुठे? बंदूकवाल्यांच्या घरात!’ ही माजिवड्याची पायल.

‘हळद उतरायच्या आत तिच्या हातात रायफल देतील बघ,’ खोपटचा कमलेश.

‘हसू नका रे. उद्या बंदरात दुकान टाकतील. दिव्याला तेल हवंय? भर पैसे.’ पुन्हा राकेश.

वहिनींना त्या थट्टेत रस नव्हता. ‘भाऊजी, तुम्ही ग्रंथपाल होतात,’ त्या म्हणाल्या. ‘कंपनीने सूचना पाठवली आहे. मला नीट वाचून सांगा, मला तिथे क्षिप्रा म्हणूनच राहता येईल ना?’

मी ती सूचना अटींसह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. असे करणारा जगात मी एकटाच असण्याचा संभव आहे. मजकूर स्पष्ट होता. जुने बंदर काही आठवड्यांनी बंद होणार. होड्या, धुके, दिवे सगळे नव्या मालकाच्या घरी जाणार. एकदा तिकडे गेलेली होडी परत येणार नाही. मात्र तिथे एक नाव एकाच व्यक्तीचे. जो आधी येऊन नोंदवील त्याचे. उशिरा येणाऱ्याच्या नावामागे आकडा लागेल. दोन पुस्तकांना एक दाखलक्रमांक देता येत नाही, हे मी आयुष्यभर पाळले आहे. मला तो नियम निर्दोष वाटला. वहिनींचा चेहरा पाहून मी तसे बोललो मात्र नाही.

‘म्हणजे आधी गेलं पाहिजे,’ त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात गटाने ठाण्यात प्रत्यक्ष जमायचे ठरवले, मासुंदा तलावाच्या काठी तलावपाळीला, सूर्यास्ताच्या सुमारास. वहिनी जाणार म्हणाल्या. गोपीनाथरावांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. ‘हिला एकटीला कशी सोडू? आणि मला त्या पोरांशी काय बोलायचं ते कळणार नाही. तुम्ही चला.’ आम्ही तिघे टॅक्सीने निघालो. वहिनी मोतिया रंगाची साडी नेसल्या होत्या.

मासुंदा तलावावर तेव्हा तांबूस उजेड होता. पाणी इतके स्थिर, की आकाश कुठे संपते ते शोधावे लागे. काठावर दहाबारा तरुण उभे होते. कुरळ्या केसांची एक मुलगी पुढे आली.

‘काकू, कोणाला शोधताय?’

‘तू पायल ना? मी क्षिप्रा.’

 मागून एक जण म्हणाला, ‘आयला!’ आणि लगेच जीभ चावून, ‘सॉरी काकू.’

‘तू कमलेश असणार. काकू म्हणू नकोस रे. काकूच व्हायचं असतं तर मी डोंबिवलीतच थांबले असते.’

सगळे हसले. पायलने त्यांचा हात धरला. ‘क्षिप्रा, तू माझ्याबरोबर. पायडल मी मारते.’

त्यांनी तलावातल्या होड्या घेतल्या. बेत राकेशचा होता : बंदरात करतात तसे पाण्यावर पांगायचे आणि एकमेकांना हाक मारायची, ज्याला हाक येईल त्याने फोनचा दिवा उंच धरायचा. निषेध म्हणा, निरोप म्हणा. आम्ही दोघे म्हातारे कठड्याशी उभे राहिलो. रस्त्यावरचा गलबला हळूहळू दूर गेल्यासारखा वाटला. होड्या विरघळत गेल्या, नुसत्या आकृती उरल्या. एकेक नाव पाण्यावरून येई आणि कुठेतरी एक ठिणगी उजळे. मग तलावाच्या मध्यावरून एक खणखणीत हाक आली :

‘क्षिप्राऽऽ!’

गोपीनाथरावांनी आधी मागे वळून पाहिले, कोणी अनोळखी बाई आली आहे की काय अशा नजरेने. मग त्यांना कळले. दूर एक दिवा उंच झाला. त्याच्या खाली मोतिया रंगाचा पदर दिसत होता.  ते कठड्यावरून वाकून त्या दिव्याकडे पाहत राहिले.

होड्या काठाला लागल्यावर राकेश एका बाकावर उभा राहिला. उंच, तापट, डोळ्यांत खरेच पाणी. ‘ऐका! जुनं बंदर बंद होईल त्या दिवशी आपण सगळे तिथे असणार. आणि त्यानंतर कोणी त्यांच्या घरात पाय ठेवायचा नाही. कोणीच नाही. जो जाईल तो गद्दार. कबूल?’

‘कबूल!’

‘मी जाणार आहे,’ वहिनी म्हणाल्या.

‘क्षिप्रा, अगं काय बोलतेस?’

‘नावनोंदणी उघडेल त्या सकाळी जाणार. नाहीतर माझं नाव दुसऱ्या कोणाचं होईल.’

‘नावाचं काय एवढं? मागे आकडा लाव नाहीतर दुसरं घे!’

तेव्हा वहिनींनी त्यांना तांदळाची गोष्ट सांगितली. काठावर बसून, आवाज न चढवता, कोणाला दोष न देता. ‘त्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘आणि मीही काही बोलले नाही, सगळे इतके आनंदात होते. आता पुन्हा दुसऱ्याच्या घरी जायचं आहे. या वेळी नाव मी घेऊन जाणार.’

पायल डोळे पुसत होती. राकेश बाकावरून उतरला. ‘मग तू तिथे आणि आम्ही इथे,’ तो म्हणाला. ‘तुला हाक कोण मारणार?’

 परतीच्या वाटेवर मला सारखे वाटत राहिले, की त्या मुलाने रागाच्या भरात नेमके बोट ठेवले होते. नाव एका काठावर, हाक मारणारे दुसऱ्या काठावर.

ठरल्या सकाळी त्यांनी नोंदणी केली. ‘क्षिप्रा’ मोकळे होते. ते त्यांना मिळाले. त्या दिवसापासून दुपारी त्या नव्या बंदरात जाऊन बसू लागल्या. होडी तीच, पाणी तेच, धुकेही जसेच्या तसे. दिव्यावर नाव स्वच्छ लिहिलेले. परंतु तिथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते, आणि हाकेवाचून दिवा मंदच राहतो. त्यांना गटातून कोणी काढले नाही. त्यांच्याशी कोणी बोललेही नाही. समोरच्या खिडकीतला पिवळा उजेड मला दिसेनासा झाला.

एके दिवशी मी त्यांच्याकडे बसलो असताना गोपीनाथरावांनी घसा खाकरला आणि ते फार प्रयत्नाने म्हणाले, ‘क्षिप्रा, चहा टाकतेस?’

वहिनी दचकल्या. मग हळूच हसल्या. ‘अहो, नको. इथे नको.’

‘का? चुकलं का माझं?’

‘चुकलं नाही. पण इथे मी तुमची ‘अगं’च बरी. ते नाव तिथलं आहे.’

‘तिथलं म्हणजे कुठलं?’

‘जिथे दिवा मोठा होतो तिथलं.’

दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, त्यांच्या घोरण्याच्या वेळी, गोपीनाथराव माझ्या दारात उभे. हातात स्वतःचा फोन, नाकावर वाचायचा चष्मा. ‘ग्रंथपाल,’ ते म्हणाले, ‘मला तिथे जायचं आहे. आवाज करू नका.’

आम्हा दोघांना ते काम जमायला बराच वेळ लागला. खेळ उतरवून घेतला, अटी वाचल्या (मी आग्रह धरला), आणि पडद्याने विचारले : तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारावी? ‘गोपीनाथ’ कोणीतरी घेतले होते. ‘शेट्ये’ही गेले होते. मी आकडा सुचवला. त्यांनी मान हलवली, थोडा वेळ बदामाच्या झाडाकडे पाहिले, आणि दोनच अक्षरे लिहिली : ‘अहो’.

ते नाव मोकळे होते.

धुके उघडले. त्यांची होडी आधी उलटी फिरली, मग एका खडकाला लागली. अखेर ते पाण्यात आले. भोवती कुठेच काही दिसेना. ‘आता हाक कशी मारायची?’ मी जागा दाखवली. ‘आणि क्ष कुठे आहे?’ मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. ‘राहू द्या. मीच लिहितो.’ आणि तर्जनीने, तांदळात लिहावे तसे सावकाश, एकेक अक्षर पाहून त्यांनी ते नाव लिहिले.

धुक्यात फार दूर एक दिवा मोठा झाला.

तो तसाच स्थिर राहिला. पुष्कळ वेळ, असे मला वाटले. माझे दार उघडे होते, समोरचेही. दोन्ही घरांत पंख्याखेरीज कसलाच आवाज नव्हता. मग तो उजेड हलला, आमच्या दिशेने येऊ लागला. जवळ येऊन थबकला. त्या आता आमच्या दिव्यावरचे नाव वाचत असणार. आणि एकाएकी आमचाच दिवा लखकन वाढला. गोपीनाथरावांचा चष्मा, हनुवटी, माझ्या टेबलावरची पुस्तके, सारे पिवळे झाले. हाक आली होती.

समोरच्या घरातून आवाज आला, ‘अहो! अहो, तुम्ही आहात का ते?’

गोपीनाथरावांनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितले, आणि पुन्हा ते नाव लिहायला घेतले.

जुने बंदर ठरल्या दिवशी बंद झाले. त्यानंतर काही दिवसांनी पायल नव्या घरी आली. ‘तू एकटी आहेस म्हणून आले गं, त्यांच्यासाठी नाही,’ असे तिने बजावून सांगितले. मग कमलेश आला. शेवटी राकेश, आणि उशीर केल्यामुळे त्याच्या नावामागे लांबलचक आकडा लागला. वहिनी त्याला हाक मारताना तो आकडा न चुकता पुरा लिहितात.

‘क्षिप्रा, नुसतं राकेश लिहिलंस तरी कळतं मला,’ तो एकदा कुरकुरला.

‘तुला कळेल रे. पण दिवा दुसऱ्याच राकेशचा मोठा होईल.’

 यावर म्हणे त्याने नुसते त्यांचे नाव लिहिले.

घरात अजूनही ‘अगं’च चालते आणि पाटीवर नीलाच आहे, या दसऱ्याला ती पुन्हा घासली गेली. दुपारच्या वेळी मी माझ्या खिडकीत बसतो. समोर एका खोलीत वहिनी असतात, दुसऱ्या खोलीत गोपीनाथराव. दोघेही खाली मान घालून बसलेले, घर निःशब्द. आणि मधूनच कधी या खिडकीत, कधी त्या, पिवळा उजेड उमटतो. दुपारची झोप गोपीनाथरावांनी सोडली आहे.