खांदेमळणीचं तूप
कोमट तुपात हळद कालवली की घाटकोपरची चाळ आठवते. चाळीस वर्षांपूर्वी नवरा रॉकेलच्या टाकीची बैलगाडी हाकायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. त्याने जोडीच्या मानेवरचं जू उतरवलं आणि घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप इतक्या मायेने चोळलं, की बघून माझा जळफळाट झाला. खालच्या नळावरून हंडे वाहून माझाही खांदा ठणकत होता. म्हटलं, "माझ्या खांद्याचं काय हो?" तो हसला, "तू कुठे गाडी ओढतेस?" मी उरलेलं तूप सरळ मोरीत ओतलं. आता बैल नाहीत, तोही नाही. सून खांदा चोळून देते, चांगला चोळते. पण डोळे मिटले की त्याचेच हात दिसतात, बैलांच्या खांद्यांवर.